आर्च सर्जरीत मेंदू थंड कसा करतात, आणि पुन्हा गरम कसा करतात

आर्चच्या, म्हणजे महाधमनीच्या वळणावरच्या शस्त्रक्रियेच्या, केसला बर्फ लागतो आणि आयत्या वेळी तो कधीच पुरेसा नसतो. म्हणून आमच्या थिएटरात तयारी सुरू होते ती आदल्या संध्याकाळी, मामांना निरोप देऊन: "उद्या आर्च आहे, मशीनमधला बर्फ कुणाला देऊ नका." सकाळी सातला दोन बादल्या येतात. बर्फ टॉवेलात गुंडाळून लाकडी हातोड्यानं बारीक करायचा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचा, हवा दाबून काढायची, गाठ मारायची. मोठे खडे राहिले तर पिशवी डोक्याला नीट बसत नाही, मध्ये पोकळी राहते.

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर बसणारी. आम्ही त्याला नुसतं पंप म्हणतो. हे लिहिते आहे ते मुख्यतः या कामात नव्यानं आलेल्या मुलामुलींसाठी. पण "तुमच्या वडिलांना थंड करून, काही मिनिटं रक्ताभिसरण थांबवून ऑपरेशन करावं लागेल" असं ऐकून ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली आहे, त्यांनीही वाचावं. त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

मुळात थंड का करायचं

हृदयातून निघालेली महाधमनी वर जाऊन छडीच्या मुठीसारखी वळते. त्या वळणाला आर्च म्हणतात. डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या तीन मोठ्या रक्तवाहिन्या याच वळणावरून निघतात. एरवीच्या बायपासमध्ये सर्जन महाधमनीला चिमटा लावतो आणि चिमट्याच्या पलीकडे पंप मेंदूला रक्त पुरवत राहतो. पण आर्चच फुगली किंवा आतून चिरली असेल आणि तीच कापून कृत्रिम नळी शिवायची असेल, तर चिमटा लावायला जागाच उरत नाही. तिथे शिवायचं तर रक्त थांबवावं लागतं.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो २० टक्क्यांच्या आसपास खातो आणि साठा काहीच ठेवत नाही. ३७ अंशांवर रक्त थांबलं तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. तापमान एक अंशानं उतरवलं की मेंदूची भूक साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. २८ अंशांवर ती निम्म्यावर येते, २० वर पावावर, आणि १५ वर जेमतेम सातवा हिस्सा उरते. यावरून हिशोबानं काढलेली सुरक्षित वेळ अशी: ३० अंशांना ९ मिनिटं, २५ ला १४, २० ला २१, १५ ला ३१. हे आकडे पाठ करा. लोक "अठराला अर्धा तास चालतो" असं सहज म्हणून जातात, त्यात मोकळीक फार थोडी आहे. ह्यूस्टनच्या ६५६ रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४० मिनिटांच्या पुढे पक्षाघाताचं प्रमाण वाढलं आणि ६५ मिनिटांच्या पुढे मृत्यूंचं.

ही कल्पना पंपापेक्षाही जुनी आहे. टोरोंटोमध्ये विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की गारठवलेलं शरीर रक्ताशिवाय थोडा वेळ तगतं. २ सप्टेंबर १९५२ ला मिनेसोटात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला थंड पाणी खेळवलेल्या पांघरुणात गुंडाळून २८ अंशांपर्यंत उतरवलं आणि साडेपाच मिनिटांत तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं. आर्चसाठी ही पद्धत रूढ झाली ती रँडल ग्रीप यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्डचे चार रुग्ण मांडल्यानंतर. तेव्हापासून मूळ कृती तीच आहे. बदललं आहे ते आपण किती थंड करतो आणि, त्याहून महत्त्वाचं, किती घाईनं गरम करतो.

आदल्या दिवशी

सीटी अँजिओग्राफी फक्त छातीची असेल तर मानेची आणि डोक्याचीही आहे का ते विचारा. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. ते पूर्ण असेल तर एका बाजूनं दिलेलं रक्त दुसऱ्या बाजूला पोचतं. ते बऱ्याच लोकांत अर्धवट असतं आणि बाहेरून कळत नाही. तातडीच्या केसमध्ये, महाधमनी चिरून रात्री दोनला आलेल्या माणसात, ही चैन परवडत नाही. तेव्हा आत गेल्यावर मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देणाऱ्या कपाळावरच्या पट्ट्यांवरच विसंबावं लागतं.

रक्तपेढीला प्लेटलेट, प्लाझ्मा आणि क्रायो (प्लाझ्मातून काढलेले रक्त गोठवणारे घटक) तिन्हींची पूर्वसूचना द्या. थंड झालेलं रक्त नीट गोठत नाही, आणि पंपावर दोन-तीन तास गेल्यावर तर नाहीच. काहींच्या रक्तात थंडीत पेशींच्या गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं असतात. क्रॉसमॅचच्या रिपोर्टवर तसा शेरा असला तर तो सर्जनपर्यंत पोचला आहे याची स्वतः खात्री करा.

थर्मामीटर

या भागावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मेंदूत थर्मामीटर घालता येत नाही. आपण बघतो ते सगळे शेजाऱ्यांचे आकडे.

नाकातून घशाच्या वरच्या भागात सरकवलेला प्रोब मेंदूच्या सगळ्यात जवळचा. नाकपुडीपासून कानापर्यंतचं अंतर बाहेरून मोजा, तेवढा आत घाला आणि टेपनं पक्का करा. तो हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देण्याआधीच घालायचा. नंतर घातला आणि नाकातून रक्त आलं, तर ते थांबता थांबत नाही. दुसरा प्रोब मूत्राशयात, कॅथेटरमध्येच असतो. तो धडाचं तापमान सांगतो आणि नेहमी मागे रेंगाळतो. तिसरा आकडा ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे पंपाच्या रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून, बाहेर पडणाऱ्या रक्ताचा. तो माझ्यासमोर असतो आणि गरम करताना माझ्या लेखी तोच सगळ्यात महत्त्वाचा.

एका केसमध्ये नाकातला आकडा भराभर उतरला. १९ झाला तेव्हा मूत्राशयाचा २७ होता. तीन-चार अंशांचा फरक रोजचाच, आठाचा नाही. सर्जन "थांबवूया का?" म्हणून विचारत होते. भूलतज्ज्ञ मॅडमनी कापड उचलून टॉर्च मारला, तर प्रोब सरकून नाकपुडीच्या तोंडाशी आला होता आणि त्याला बर्फाची पिशवी टेकली होती. आम्ही मेंदूचं नाही, पिशवीचं तापमान वाचत होतो. प्रोब पुन्हा आत सारला तर २४. आणखी वीस मिनिटं थंड केलं. तेव्हापासून माझा नियम असा: दोन आकडे एकमेकांशी भांडत असतील तर ज्याच्यामुळे काम लवकर उरकेल त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कपाळाच्या दोन्ही बाजूंना एनआयआरएसच्या पट्ट्या लावतात. त्या खालच्या मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देतात. भूल देण्याआधी, रुग्ण जागा असताना, मूळ आकडा लिहून ठेवा. पुढे "वीस टक्क्यांनी उतरला" म्हणायचं तर कशापासून उतरला ते हवं. रक्तदाबाची नळी उजव्या मनगटात हवीच, आणि डावीकडे किंवा जांघेत दुसरी.

पंपावर घेणं आणि थंड करणं

आजकाल बहुतेक सर्जन उजव्या खांद्याखालच्या धमनीला ८ मि.मी.ची कापडी नळी शिवून तिथून रक्त देतात. त्याचा फायदा पुढे कळेल. हेपॅरिन किलोला ३०० ते ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर, मग पंप सुरू.

आता थंड करायचं. हीटर-कूलरचं पाणी ऑक्सिजनेटरमधून फिरतं आणि रक्त गार करतं. नव्या मुलांचा हात इथे सरळ तळाच्या आकड्याकडे जातो. तसं करू नका. शरीरातून परत येणारं रक्त आणि आपण देत असलेलं रक्त यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. गार रक्तात वायू जास्त विरघळतो आणि ते गरम जागी पोचलं की बुडबुडे सुटू शकतात. शिवाय घाईनं केलेली थंडी वरवरची असते. नाकातला आकडा वीस मिनिटांत १८ दाखवेल, पण मेंदूचा काही भाग, स्नायू, चरबी अजून कोमट असतात. रक्त थांबवलं की ती ऊब हळूहळू सगळीकडे पसरते, आणि तुम्ही १८ ला थांबवलेला मेंदू शस्त्रक्रिया चालू असतानाच वर सरकू लागतो. खोल थंडी हवी असेल तर किमान अर्धा तास, शक्यतो पाऊण तास द्या. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लावलेला असेल तर रेषा सपाट होईपर्यंत थांबा. मेंदूकडून परत येणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर गेला तर तीही चांगली खूण: मेंदू आता काही मागत नाही.

साधारण २८ अंशांच्या आसपास हृदय थरथरायला लागतं. झडप गळकी असेल तर थरथरणारं हृदय रक्तानं भरून फुगतं आणि स्नायू ताणून मरतो. म्हणून व्हेंट, म्हणजे हृदयात साचणारं रक्त ओढून काढणारी नळी, आत गेला आहे ना ते मी सर्जनना ३० लाच विचारते.

रक्त पातळ ठेवावं लागतं, कारण थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) २५ च्या आसपास बरा. साखर १८० च्या आत. एबीजीबद्दल, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीबद्दल, विद्यार्थी हमखास गोंधळतात. रक्त गार झालं की कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो आणि त्याचा दाब आपोआप पडतो. मशीन नमुना ३७ अंशांना तापवून मोजतं. तो आकडा तसाच मानून चालणं म्हणजे अल्फा-स्टॅट. रुग्णाच्या तापमानाला दुरुस्त करून, वरून कार्बन डायऑक्साइड घालून आकडा नेहमीसारखा आणणं म्हणजे पीएच-स्टॅट. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गारवा सगळीकडे सारखा पोचतो, पण धमन्यांच्या भिंतींवरून सुटलेला कचरा आणि बुडबुडेही जास्त पोचतात. मोठ्या माणसांत आम्ही अल्फा-स्टॅट वापरतो. तान्ह्या बाळांत थंड करताना बरेच जण पीएच-स्टॅट पसंत करतात, कारण त्यांच्या धमन्यांत कचरा नसतो.

बर्फाच्या पिशव्या आता डोक्याभोवती ठेवायच्या. डोळे, कानाच्या पाळ्या आणि नाकाचा शेंडा यांना बर्फ थेट टेकू देऊ नका, मध्ये गॉज ठेवा, नाहीतर कातडी जळते. बर्फानं मेंदू फार थंड होतो असा काहींचा समज आहे. त्याचं खरं काम, आधीच थंड झालेला मेंदू थिएटरातल्या हवेनं तापू न देणं, एवढंच.

थांबवणं

थांबवण्याआधी मी मोठ्यानं वाचते: नाक किती, मूत्राशय किती, एनआयआरएस डावा-उजवा किती, नळी आणि सुई तयार आहे का. डोकं थोडं खाली झुकवलेलं असतं, म्हणजे उघड्या आर्चमधून हवा मेंदूकडे चढत नाही. मग पंप बंद. शरीरातलं रक्त माझ्या टाकीत उतरतं. ते तिथे साचू न देता मशीनच्या आतल्या आत फिरवत ठेवायचं. घड्याळ सुरू. दर पाच मिनिटांना आकडा मोठ्यानं सांगायचा, कुणी विचारो न विचारो. या वेळी थिएटरात जी शांतता असते ती मला अजूनही अंगावर येते. मॉनिटरवर सगळ्या रेषा सपाट असतात, आणि सिस्टरच्या हातातल्या कैचीचा आवाज तेवढा येतो.

मेंदूला मात्र रक्त देत राहणं

संपूर्ण थांबवण्याऐवजी आता बहुतेक ठिकाणी फक्त मेंदूला रक्त देत राहतात. खांद्याखाली शिवलेली ती नळी इथे कामी येते. मानेकडे जाणाऱ्या पहिल्या फांदीच्या मुळाशी चिमटा लावला की तिथून दिलेलं रक्त उजव्या बाजूनं मेंदूत शिरतं. प्रवाह किलोला मिनिटाला १० मि.ली., म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ७०० मि.ली. उजव्या मनगटातला दाब ५० ते ७० हवा. दाबाकडे बघून प्रवाह वाढवा-कमी करा, पण जास्तीचा दाब मेंदूला सूज आणतो हे लक्षात असू द्या.

डावीकडचा एनआयआरएस मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी उतरला तर आधी मनगटातला दाब बघा. तो ठीक असेल तर लगेच सर्जनना सांगा. ते डाव्या मानेच्या धमनीत वेगळी नळी घालतील. ही सूचना द्यायला संकोचू नका. त्या क्षणी तो आकडा फक्त तुम्हाला आणि भूलतज्ज्ञांना दिसतो आहे.

मेंदूला रक्त मिळत असलं की १८ पर्यंत जायची गरज उरत नाही. २४ ते २८ अंशांवर काम होतं, पंपाचा वेळ वाचतो, रक्तस्राव कमी होतो. पण मग दुबळा दुवा बदलतो. मेंदू सुरक्षित असतो आणि पाठीचा कणा, मूत्रपिंडं, आतडी कोमट अवस्थेत उपाशी असतात. २८ अंशांवर पाऊण तास लागणार असेल तर ते आधी बोलून ठरवायचं, आत गेल्यावर नाही. शिरेकडून उलट्या दिशेनं रक्त देण्याचीही पद्धत आहे. दाब २५ च्या आत ठेवावा लागतो. ती थंडी टिकवते, कचरा धुऊन काढते, मेंदूचं पोट मात्र फारसं भरत नाही.

गरम करणं

थंड करताना केलेली चूक बहुतेक वेळा सुधारता येते. गरम करताना केलेली चूक रुग्ण घेऊन जातो.

शिवण झाली, हवा काढली, पंप हळूहळू सुरू केला. आता सगळ्यांना घरी जायचं असतं. दहाएक मिनिटं गारच रक्त फिरवा. उपाशी मेंदूत साचलेला कचरा आधी वाहून जाऊ दे, भूक नंतर जागवू. मग तापवायला घ्या. ३० अंशांच्या खाली असताना फरक १० अंशांच्या आत. ३० ओलांडल्यावर फरक ४ अंशांच्या आसपास आणि वेग मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही. ऑक्सिजनेटरमधून निघणारं रक्त कधीही ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही. ही लक्ष्मणरेषा धरा, कारण मेंदूत पोचणारं रक्त त्या आकड्यापेक्षाही थोडं गरम असू शकतं. १८ पासून वर यायला एक ते दीड तास लागतो. लागू दे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, एका रुग्णालयात, पाणी ४० वर ठेवून "उडवून" गरम करायची सवय होती. मीही करायचे. एकदा संध्याकाळची दुसरी केस खोळंबली होती, वरून "झालं का, झालं का" चालू होतं आणि मी अर्ध्या वेळात नाकातला आकडा ३७.५ ला नेला. शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ होते. तीन दिवस ते मुलीला ओळखत नव्हते, हातातल्या सलाइनच्या नळीला जानवं समजून उजव्या खांद्यावर टाकत होते. चौथ्या दिवशी भानावर आले. माझ्या घाईमुळेच तसं झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आर्चनंतर असा भ्रम एरवीही होतो. पण त्या दिवसापासून माझं गरम करणं सावकाश आहे, आणि "झालं का" ला माझं उत्तर "अजून पंचवीस मिनिटं" असं नेमकं असतं. आकडा दिला की माणसं थांबतात.

नाकात ३६.५ आणि मूत्राशयात ३५ च्या वर झालं की पंप सोडायला हरकत नाही. सोडल्यावर नाकातला आकडा एखाद अंश पुन्हा उतरतो, कारण हातपाय अजून गार असतात. त्यासाठी आधीच जास्त तापवून ठेवायचं नाही. गरम हवेचं पांघरूण वापरा. आयसीयूत पहिले चोवीस तास ताप येऊ न देणं हा याच कामाचा पुढचा भाग, तो सिस्टरांना हँडओव्हरमध्ये शब्दांत सांगा.

थंडी म्हणजे नेहमी संरक्षण, असं नाही

हे सांगायला हवं, कारण बर्फावर फार श्रद्धा ठेवणारे भेटतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुटलेल्या फुग्याला क्लिप लावताना रुग्णाला ३३ अंशांवर ठेवलं तर फायदा होईल असं वाटत होतं. १००१ रुग्णांची चाचणी २००५ मध्ये आली आणि काही फायदा दिसला नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड करण्याची चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झाली. २०२१ च्या तिच्या निकालात थंड केलेली बाळं उलट जास्त दगावली. आर्चमध्ये थंडी उपयोगी पडते ती रक्त खरोखर थांबवावं लागतं म्हणून. रक्त थांबवायचं नसेल तर थंडीची किंमत, म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लांबलेला वेळ, तेवढी शिल्लक राहते.

नातेवाइकांसाठी

शस्त्रक्रिया सहा ते आठ तास किंवा जास्तही चालू शकते. बाहेर बसून "अजून का नाही" हा प्रश्न छळतो. त्यातला बराच वेळ फक्त थंड करण्यात आणि गरम करण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. चेहरा सुजलेला दिसेल. जाग यायला एक दिवस लागू शकतो. जागे झाल्यावर भलतंसलतं बोलले तर घाबरू नका, वाद घालू नका. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर आयसीयूत पाठवून द्या, त्यानं खरंच फरक पडतो.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: रक्त किती मिनिटं थांबवलं होतं, त्या वेळात मेंदूला वेगळं रक्त देत होते का, आणि सांगितल्यावर दोन्ही हात, दोन्ही पाय हलवले का. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पहिल्या दोघांवरून काही ठरवू नका.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोट आणि पंपाच्या नोंदीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. आर्चच्या रुग्णांना पुढे उरलेल्या महाधमनीसाठी पुन्हा आत जावं लागू शकतं. तापमान, थांबवलेली मिनिटं, कुठल्या धमनीतून रक्त दिलं, डावा एनआयआरएस पडला होता का, हे सगळं त्या कागदावर असतं, बहुधा पेनानं आणि घाईच्या अक्षरात. कार्डावर ते सहसा उतरत नाही.